तव्यावरची तंबाखू

सन १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतला, तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि ती ओढायची रत्नजडित नळी ठेवली. हकिमांनी नाक मुरडलं, सरदारांनी मात्र मागून घेतली. पोर्तुगीजांनी आणलेलं हे पान विजापुरात तोवर रुळलंही होतं. आमचं सातारा जिल्ह्यातलं पाटणचं खोरं तेव्हा त्याच आदिलशाही मुलखात. दरबारात तंबाखू ओढली गेली. आमच्याकडच्या घरांत ती पुढे तव्यावर गेली आणि मशेरी झाली.

जर्दा काळा पडेपर्यंत भाजायचा. धुराने सगळं घर खोकतं. मग चुरून, चाळून डबीत. पहाटे बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची, जेवणानंतर पुन्हा, भांगलणीच्या मधल्या सुट्टीत पुन्हा. नाव दात घासण्याचं. पण एक दिवस डबी सापडली नाही की डोकं उठतं, पोट साफ होत नाही, पोरांवर हात उगारला जातो. ही निकोटिनची मागणी आहे, दातांची नव्हे.

तालुक्यातले बापे मुंबईला असायचे, गिरणीत नाहीतर गोदीत. मंद्रुळकोळ्याच्या अण्णासाहेब पाटलांनी ज्या माथाडींना एकत्र केलं आणि ज्यांच्यासाठी १९६९ चा कायदा आला, त्यांतले कितीतरी इथलेच. मागे शेत, वैरण, म्हातारी माणसं बाईच्या गळ्यात. मशेरीने भूक मरते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. दाढ दुखली की आजीच नातीच्या बोटावर चिमूट ठेवायची.

माल बहुतेक निपाणीकडचा. त्याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या आंदोलनात ६ एप्रिल १९८१ ला गोळीबार झाला, १२ शेतकरी गेले. पिकवणाऱ्याच्या हलाखीवर तेव्हा रान पेटलं. मशेरी लावणारीबद्दल चकार शब्द नाही.

कायदे आले. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ मध्ये बंदी झाली, गुटखा राज्यात २०१२ मध्ये बंद झाला. घरच्या तव्याला दोन्ही कायदे लागू होत नाहीत. साताऱ्यात नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था आहे, पण तिच्या दारात बाई येते ती बहुधा नवऱ्याला घेऊन. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घेण्याचा नियम आहे. निम्म्याहून जास्त मतं पडली की बाटली आडवी. मला मतदानाच्या त्या रांगेचं कौतुकच आहे. मात्र त्या रांगेतल्या कितीजणींच्या कनवटीला डबी असते, हे कुणी मोजत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सांगलीजवळ कुपवाडला एमडी या अमली पदार्थाचा मोठा साठा सापडला आणि आठवडाभर पेपर भरले. ते योग्यच. पण २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढ बायकांपैकी १७ टक्के तंबाखू वापरणाऱ्या निघाल्या, त्याची बातमी कुठे वाचल्याचं आठवत नाही.

तोंडाचा कर्करोग सावकाश येतो. गरोदरपणातलं नुकसान त्याआधीच होतं: मशेरी लावणाऱ्या आयांची बाळं वजनाने कमी भरतात, असं मुंबईच्या डॉक्टरांना दिसलं आहे. तपासणीत “तंबाखू खाता का?” विचारलं तर ती नाही म्हणते, आणि खोटं बोलत नसते.

आता पाटणची बरीच घरं नवी मुंबईत, कोपरखैरणे, घणसोलीत आहेत. तिथल्या खोल्यांत भाजलं तर शेजारी भांडायला येतात. म्हणून गावाकडून भाजलेलीच येते, तांदळाच्या पोत्यात खोचून. दुकानातल्या पुडीवर कायद्याने कर्करोगाचं चित्र छापावं लागतं; ही पिशवी कोरीच असते.