कौल आणि बदलत्या रेषा

कोकणात व गोव्यात ग्रामदैवताला कौल लावण्याची चाल जुनी आहे. मूर्तीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवावयाच्या, गाऱ्हाणे घालावयाचे आणि उजवीकडची पाकळी आधी गळते की डावीकडची हे पाहावयाचे. उजवा कौल म्हणजे होकार, डावा म्हणजे नकार. प्राचीन चीनमधील कौल मात्र इतका सरळ नव्हता. ‘ई चिंग’ म्हणजे ‘परिवर्तनाचा ग्रंथ’ हा त्याचा आधार. ह्या कौलात उत्तर येते, आणि येता येताच ते पालटू लागते.

ह्या ग्रंथात एकीवर एक अशा सहा रेषांच्या ६४ आकृती आहेत. रेषा दोनच प्रकारच्या, अखंड आणि तुटक. सहा अक्षरांच्या चरणाचे लघुगुरुभेदाने ६४ प्रस्तार होतात, हे पिंगलाचे छंदःशास्त्र जाणणारास ठाऊक आहे, गणित तेच. कौल घेणारा ५० काड्यांतून एक बाजूस ठेवतो आणि उरलेल्या ४९ काड्या वाटून मोजतो. तीन मोजण्यांनी ६, ७, ८ किंवा ९ ह्यांपैकी एक अंक येऊन एक रेषा ठरते. अठरा मोजण्यांनी आकृती पुरी होते. ७ आणि ८ ह्या स्थिर रेषा. ९ ही ‘जुनी’ अखंड रेषा. ती पिकून तुटते. ६ ही ‘जुनी’ तुटक रेषा. ती सांधली जाते. अशा रीतीने पहिल्या आकृतीतून दुसरी जन्मास येते. मग वचन कोणते वाचावयाचे, पहिलीचे, दुसरीचे की बदलत्या रेषेचे?

‘त्सो च्वान’ ह्या जुन्या बखरीत ह्याची मोठी बोधप्रद उदाहरणे आहेत. लू राज्याची राजमाता मू च्यांग राजकारस्थानात सापडली व तिला पूर्वेकडील वाड्यात कोंडण्यात आले. तिने कौल घेतला. ‘पर्वता’ची आकृती आली आणि पाच रेषा पालटून तिची ‘अनुसरणा’ची आकृती झाली. ज्योतिषी म्हणाला, हा सुटकेचा योग आहे. राजमातेने ते मानले नाही. ज्या सद्गुणांवर ते शुभवचन अवलंबून आहे, त्यांतला एकही आपल्या अंगी नाही. तेव्हा आपला अंत येथेच व्हावयाचा, असे तिने सांगितले. इ. स. पू. ५६४ मध्ये ती त्याच वाड्यात निवर्तली.

दुसरे उदाहरण इ. स. पू. ५३० मधील. नान क्वाय नावाचा सरदार आपल्या धन्याविरुद्ध बंड करण्याच्या बेतात होता. त्याच्या आकृतीत एकच रेषा बदलली आणि तिचे वचन अत्यंत शुभ होते. बेत काय तो न सांगता त्याने हा कौल एका जाणत्यास दाखविला. कार्य निष्ठेचे असेल तरच हे शुभ, नाहीतर अपयश ठरलेले, असा अर्थ त्या जाणत्याने लावला. नान क्वायने तरीही बंड केले. ते फसले आणि त्याला परराज्यात पळावे लागले.

पुढे सुंग काळातील तत्त्वज्ञ चू शी ह्याने ११८६ मध्ये ह्या वाचनास नियम घालून दिले. एक रेषा बदलली तर तिचे वचन घ्यावे. तीन बदलल्या तर दोन्ही आकृतींची मूळ वचने पाहावीत. पाच बदलल्या तर दुसऱ्या आकृतीतील न बदललेली एकच रेषा वाचावी. ह्या नियमाने पाहिले, तर मू च्यांगपुढे ज्योतिष्याने वाचलेले शुभवचन तिला लागूच होत नव्हते.

परंतु नियम निघण्यापूर्वी सतरा शतके तिने खरा अर्थ ओळखला होता. तो तिला काड्यांच्या मोजणीने दिला नव्हता. कौल देवाचा असो की काड्यांचा, तो लावणारास आपल्या वागणुकीचा हिशेब टाळता येत नाही, हे त्या कैदेतील राजमातेस पुरते कळले होते.