आघाडीची फळी (हॉकी)

प्रतिस्पर्ध्याच्या ‘डी’मध्ये (गोलसमोरच्या अर्धवर्तुळात) घुसून गोल करण्याची आणि पेनल्टी कॉर्नर मिळवण्याची जबाबदारी असलेले खेळाडू. सर्वाधिक गोल करणाऱ्यांची नावे एकत्र लिहिली की फळी तयार होत नाही. कडेने चेंडू पळवणारा, तो वेळेवर पुरवणारा आणि गोलसमोर धक्काबुक्कीत टिकणारा, अशी तिन्ही कामे फळीत वाटलेली असावी लागतात.

पूर्वी फळीत पाच जण असत : राइट-आऊट, राइट-इन, सेंटर फॉरवर्ड, लेफ्ट-इन, लेफ्ट-आऊट. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकआधी सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले, तेव्हा कर्णधार ध्यानचंद यांना राइट-इनची जागा दुबळी वाटली. तिथे खेळणारे दारा यांना भारतातून मागवले गेले. ते विमानाने उपांत्य सामन्यापूर्वी पोहोचले आणि अंतिम सामना भारताने जर्मनीविरुद्ध ८-१ असा जिंकला. ध्यानचंद आणि रूपसिंग हे दोन मातब्बर फॉरवर्ड संघात असताना एका जागेसाठी एवढा खटाटोप झाला, हे निवड करणाऱ्याने विसरू नये.

कृत्रिम टर्फ (ऑलिंपिकमध्ये १९७६पासून), कितीही वेळा खेळाडू बदलण्याची मुभा आणि १९९८मध्ये कायमचा गेलेला ऑफसाइडचा नियम यांनी मांडणी बदलली. आता बहुधा तिघे पुढे असतात आणि काही मिनिटांनी बदलतात. त्यामुळे बाकावरून येणारी जोडीही तितकीच जुळलेली लागते. स्टिकची डावी बाजूच सपाट असल्याने उजव्या बगलेवरून आत चेंडू मारणे सोपे जाते. डाव्या बगलेवरच्या खेळाडूला मात्र अंग वळवावे लागते किंवा रिव्हर्स फटका यावा लागतो.

पुण्याच्या खडकीत घडलेल्या धनराज पिल्ले यांच्या नेतृत्वाखाली भारताने १९९८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ३२ वर्षांनी सुवर्ण जिंकले. धनराज यांच्या धावेला उजवीकडे मुकेश कुमार यांची साथ होती.

फळीत एकाची जागा घेणारा दुसरा नसला की काय होते, हे २०१० साली दिसले. मुळशी तालुक्यातील म्हाळुंगे आणि शेजारचे बालेवाडी यांच्या परिसरातले शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी उभारले गेले. २०१०च्या विश्वचषकाचे भारतीय शिबिर इथेच होते. मानधनाच्या वादात खेळाडूंनी सराव थांबवला आणि जानेवारीतले मोलाचे दिवस वाया गेले. तरीही स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात भारताने पाकिस्तानला ४-१ असे नमवले. शिवेंद्र सिंग आणि प्रभज्योत सिंग या दोन्ही फॉरवर्डनी गोल केले. त्याच सामन्यातील एका गैरप्रकारावरून शिवेंद्रवर बंदी आली, ती अपिलानंतर दोन सामन्यांची झाली. त्या दोन्ही सामन्यांत ऑस्ट्रेलिया आणि स्पेनकडून भारत २-५ असाच हरला. बचावही ढिला होता, पण ‘डी’त ठाण मांडणारा गडी गेल्यावर त्याचे काम करणारा दुसरा तयार नव्हता, हे या पराभवांतून उघड झाले. भारत त्या स्पर्धेत आठवा आला.