घरभरासाठी वॉटर सॉफ्टनर घेताय? आधी हे वाचा

बोअरवेलच्या पाण्याने बादल्यांवर पांढरा थर चढू लागला की घरात सॉफ्टनरचा विषय निघतो. पण आधी पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या: कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि ई. कोलाय. विक्रेता दाखवतो त्या टीडीएस मीटरवर जंतू कळत नाहीत.

सॉफ्टनर पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतो. कठीणपणा लिटरला 600 मिलिग्रॅम असेल, तर मऊ झालेल्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 275 मिलिग्रॅम सोडियम वाढते. तीन लिटर प्यायलात तर जवळपास 2 ग्रॅम मीठ पोटात गेले. रक्तदाब, हृदय किंवा किडनीच्या रुग्णाने एकीकडे पापड-लोणचे सोडायचे आणि दुसरीकडे हे पाणी प्यायचे, याला काय अर्थ? प्लंबरला सांगून पिण्याच्या पाण्याचा नळ सॉफ्टनरच्या आधीच्या लाइनवर घ्या. मुतखड्याच्या भीतीने तर सॉफ्टनर घेऊच नका. तिथे भरपूर पाणी पिणेच महत्त्वाचे.

सॉफ्टनरने जंतू मरत नाहीत. नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर त्या पाण्यात बाळाचे पावडरचे दूध कालवू नका. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. त्यासाठी आरओ लागतो, पण तो स्वयंपाकघरात पुरे.

यूव्ही गच्चीवरच्या टाकीच्या आधी बसवू नका. त्याचा परिणाम पुढे टिकत नाही, टाकी अस्वच्छ असेल तर पाणी पुन्हा दूषित होते.