घरकुलाची यादी ठरते ग्रामसभेत. गैरहजर राहाल तर बोलणार कोण?

घरकुलासाठी लोक सरपंचाच्या घरी आणि पंचायत समितीत खेटे घालतात. पण प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ ला आली, तेव्हापासून यादी तपासायचं काम ग्रामसभेकडं आहे. नावं २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात सर्वेक्षणातून आणि पुढं आवास प्लस सर्वेक्षणातून आली. त्यात खरा गरजू कोण, आधी कुणाला द्यायचं, हे ग्रामसभा सांगते. नाव वगळायचं तर ठरावात कारण लिहावं लागतं. तरी अन्याय झाला तर जिल्ह्याच्या अपिलीय समितीकडं दाद मागता येते.

राज्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यात जे कमी असेल ते. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पाच-दहा जणांत ठराव होतात. पड्या घरातली विधवा किंवा ऊसतोडीला गेलेलं कुटुंब मागं राहतं ते इथंच.

‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडाही ग्रामसभेतच मंजूर होतो. नव्या वस्तीला रस्ता, पाणी, गटार हवं असेल तर ते त्यात घालून घ्यावं.

सभेत नुसतं बोलून भागत नाही. मागणी लेखी द्या, पोच घ्या आणि प्रोसिडिंगमध्ये नोंद झाली का ते वाचून बघा.