घराण्याच्या इतिहासाचा आरंभ

आपल्या घराण्याचा इतिहास लिहावा, अशी इच्छा पुष्कळांस होते. परंतु बहुतेक जण आरंभ भलत्याच टोंकाकडून करितात. निजामशाहींत पूर्वजांची सरदारकी होती हें अगोदर ठरवावयाचें, आणि मग तिला कागद शोधावयाचे! आमच्या मतें आपल्यापासून आजोबांकडे, अशी एकेक पायरी मागें जावी.

पहिलें साधन म्हणजे घरांतील वृद्ध स्त्री. बाळंतपणें, लग्नें व दुष्काळ यांवरून तिला वर्षें आठवतात, आणि पुरुष जें सांगत नाहींत तेंही ती सांगते. दप्तर दहा वर्षें थांबेल, आजी थांबणार नाहीं.

त्यानंतर तलाठ्याकडील फेरफाराची नोंदवही पाहावी. खातेदार वारला म्हणजे वारसांचीं नांवें तींत चढतात. जुने जन्ममृत्यु गांव नमुना १४, म्हणजे लोकांचें ‘कोतवाल बुक’, यांत सांपडतात. यांतील जुन्या नोंदी पुष्कळदां मोडींत असतात, म्हणून मोडी स्वतः शिकावी. २०२३ सालीं निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां मोडी जाणणारांची किंमत लोकांस कळली. ज्या माळ्यावरचे रुमाल कोणी सोडीत नव्हतें, तेथें पणजोबांच्या नांवापुढील एका शब्दावर नातवंडांचें शिक्षण व नोकरी अवलंबून राहिली. अशा वेळीं सोईचा तोच कागद खरा मानण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे.

कालगणनेंतही घोटाळे होतात. शकांत ७८ मिळविले कीं इसवी सन बहुधा येतो. शुहूर सन मात्र अरबी शब्दांनीं लिहीत: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२. हें वर्ष मृगापासून पालटतें; म्हणून महिना पाहून ५९९ किंवा ६०० मिळवावे, म्हणजे १७७१-७२ येतें.

पाटीलकी-कुलकर्णाचें वतन असेल तर महजर, करीणे आणि पुण्याचें पेशवे दफ्तर यांकडे वळावें. पण वतनाच्या वंशावळी बहुधा तंट्यासाठीं रचलेल्या असतात. निपुत्रिक चुलता, परागंदा भाऊ आणि सर्व मुली त्यांतून गळतात. जामखेड तालुक्यांतील चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांचें नांव आज लोकांस ठाऊक आहे, तें १७२५ सालीं जन्मलेल्या त्यांच्या कन्येमुळें. २०२४ सालीं आमच्या जिल्ह्यास जें नांव मिळालें तेंही त्या अहिल्याबाईंचेंच. आणि तरीही आमच्या वंशवृक्षांस मुलींची फांदी फुटत नाहीं!

वतन नसलेल्यांनीं निराश होऊं नये. अमेरिकन मराठी मिशनचें काम नगरास १८३१ सालीं सुरू झालें; ख्रिस्ती कुटुंबांनीं आपापल्या चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्या. इतरांस नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. उपाध्यायास गांव व आडनांव सांगावें. वही निघाली तर कधीं कधीं पूर्वजांच्या हातचीच ओळ वाचावयास मिळते. ती उतरून घ्यावी, आणि तिच्याखालीं आपलें, पत्नीचें व मुलींचेंही नांव लिहून यावें.