घोणशीचा दंश आणि मूत्रपिंड

प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचा सिरोंचा मुलूख १८६० साली निजामाच्या अमलातून इंग्रज सरकारकडे आला. त्यापूर्वीच, १७९६ मध्ये, कोरोमंडल किनाऱ्यावरील सर्पांचे पॅट्रिक रसेलकृत वर्णन प्रसिद्ध झाले होते, आणि त्यात या मुलखात आढळणारी घोणसही होती. धानाच्या बांधावर तिने दंश केलेला मनुष्य, पायाची सूज उतरून जीव वाचला असे घरच्यांना वाटत असतानाच, लघवी बंद पडून का दगावतो, हे जिवंत रुग्णात पाहता येऊ लागले ते १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन व ब्रुन यांनी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढण्याची रीत प्रसिद्ध केल्यानंतर. मूत्रपिंड निकामी होण्याचे शहरी वैद्यकाला विरळ वाटणारे हे कारण, घोणशीचा दंश, सिरोंच्याच्या शेतकऱ्याच्या पायाशी दर पावसाळ्यात असते, म्हणून प्रतिविष तालुक्याच्या दवाखान्यातच हवे. मूत्रपिंडाच्या अशा तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली कधी केवळ नलिकांच्या पेशी झडलेल्या दिसतात, त्या पुन्हा भरून येतात. कधी मात्र बारीक रक्तवाहिन्या गुठळ्यांनी बुजून मूत्रपिंडाचा बाह्य थरच मृत झालेला आढळतो, आणि मग डायलिसिस बहुधा सुटत नाही.