दुरंगी बाभूळ

१. दुरंगी बाभूळ : सिगमकाटी, संस्कृत वीरतरु. शास्त्रीय नाव डायक्रोस्टॅकिस सिनेरिया, शिंबावंत कुळ. हे रानझुडूप आफ्रिकेचे, तसेच आपल्याकडचेही. भंडाऱ्यासारख्या पानझडी रानांच्या मुलखात चराऊ, उजाड जमिनीवर माजते. त्याचा लोंबता तुरा हातात धरून पाहावा. देठाकडची गुलाबी-जांभळी फुले वांझ, लांब तंतूंची. टोकाकडची पिवळी फुलेच शेंग धरतात. शेंगा पिळवटलेल्या, गुच्छात येतात. याचा काटा म्हणजे टोकदार झालेली आखूड फांदी. कधी तिच्यावरच पाने फुटतात. खऱ्या बाभळीचे काटे मात्र उपपर्णांचे, पानाच्या बुडाशी जोडीने येणारे. लेखक दोन्हींना ‘बाभूळ’च म्हणतो, वाचकाने हा भेद ध्यानात ठेवावा. — संपा.